लंकाकाकूंचं बोट पाचदा फिरतं

"फोन कानाला लावायचा, गालाला न्हाई. गालानं ऐकू येतंय व्हय तुला?"

हे वाक्य मी कुठेही म्हणून दाखवते आणि आमच्या गावचं माणूस असेल तर लगेच ओळखतं. आवाज थोडा नाकातून काढायचा, 'व्हय' ओढायचा आणि पदराने रिसीव्हर पुसल्यासारखं करायचं. झाल्या लंकाकाकू तयार.

खर्ड्याहून आमचं गाव दोन कोसांवर. गावात फोन एकच, पंचायतीचा, आणि तो लंकाकाकूंच्या ओसरीवर. लाकडी खोक्यात काळा फोन, वर क्रोशाचा रुमाल. पावत्या फाडायचं काम त्यांच्या मालकांचं, गहिनीनाथकाकांचं. बाकी सगळा कारभार काकूंचा, आणि नियमही त्यांचेच.

"वीज कडाडली की पिन उपटायची, मंग देवाला हात जोडायचे. आधी पिन."

"बोलताना हात हलवू नगं. हात तिकडं पोचत न्हाईत."

"आपटू नगं रं, पलीकडच्याच्या कानात बसतं ते."

"आधी नाव सांगायचं, मंग रडायचं. निस्तं रडल्यावर कळतंय का कोन मेलं?"

आणि पहिला नियम, पोरासोरांनी डायलला हात लावायचा नाही. मी दहावीत गेले तरी काकूंच्या लेखी पोरच.

लंकाकाकूंना लिहिता-वाचता येत नाही. आकडेसुद्धा नाहीत. ज्याला येतं तो आपला नंबर आपणच फिरवायचा. ज्याला येत नाही तो म्हणायचा, "काकू, पाथर्डीची मावशी लावा." पहिल्या खेपेला गुरुजी नाहीतर पोस्टमन फिरवून देत आणि काकू शेजारी उभ्या राहून त्यांच्या बोटाकडे बघत. दुसऱ्या खेपेला काकू स्वतः फिरवत. मग तो नंबर त्यांच्या बोटात जाऊन बसे तो कायमचा. असे शंभरावर नंबर बसलेले होते. कुणी विचारलं, "काकू, नंबर काय हो?" तर म्हणत, "सांगता येत न्हाई. फिरवून दावते."

शहाण्णवच्या पावसाळ्यात, एका बुधवारी, खर्ड्याचं एक्स्चेंज बदललं. दोन लाइनमन आले आणि काळा फोन काढून त्याजागी राखाडी रंगाचा बटणांचा डबा बसवून गेले. खर्ड्यातले, आसपासच्या गावांतले, सगळेच काळे फोन त्याच दिवशी पोत्यात गेले.

"ह्याला भोकंच न्हाईत," काकू म्हणाल्या.

"आता नुसतं दाबायचं, काकू. आणि हे बघा, रीडायल. नंबर लागला नाही तर हे एकच बटण दाबायचं, तोच नंबर पुन्हा आपोआप लागतो." तो लाइनमन प्रत्येक वाक्याच्या शेवटी दात दाखवायचा, जणू दातांच्या पावडरीची जाहिरात करतोय.

"जुना ऱ्हाऊ द्या की हितं कोपऱ्यात."

"सरकारी माल हाय, काकू." दात.

त्या संध्याकाळी काकूंनी रुमाल नव्या डब्यावर घालून बघितला. तो आखूड पडला. त्यांनी एकदा तर्जनी बटणांवर ठेवली, उचलली आणि पदराला पुसली.

दुसऱ्याच दिवशी, गुरुवारी, जालिंदरकाकांनी पत्र फोडलं.

जालिंदरकाका माझे सख्खे चुलते, गवंडी. त्यांची थोरली यशोधरा, म्हणजे माझी यशाक्का, बारावी झाली आणि तिनं नगरला नर्सिंगचा फॉर्म भरला. मग ती शेवगावला मामाकडे गेली. जाताना मार्कलिस्ट, दाखले, सगळं पिशवीत घालून घेऊन गेली, कारण तिकडेही एक-दोन ठिकाणी अर्ज द्यायचे होते. ती गेली आणि चार दिवसांनी नगरचं पत्र आलं. वर टाइप केलेलं नाव, कुमारी यशोधरा जालिंदर. आमच्या घरात कुणा मुलीच्या नावाने आलेलं ते पहिलं पत्र.

काकांनी ते फोडलं नाही. बाबासाहेबांच्या फोटोपुढे उभं करून ठेवलं. "तिच्या नावचं हाय. ती आयतवारी येनार, तीच फोडील. बापानं का म्हून फोडावं?" येणाऱ्या-जाणाऱ्याला ते पाकीट दाखवत. तीन दिवस दाखवलं. गुरुवारी सकाळी भागिरथीकाकू, यशाक्काची आई, फोटो पुसताना म्हणाल्या, "अवो, फोडा तरी. काय तारीखबिरीख असली तर?"

तारीख होती, आणि ती त्याच दिवसाची होती. प्रवेशासाठी मूळ कागदपत्रांसह स्वतः हजर राहावे, गुरुवारी दुपारी चार वाजेपर्यंत, अन्यथा जागा प्रतीक्षायादीतील पुढील उमेदवारास देण्यात येईल.

मी ते मोठ्याने वाचलं तेव्हा घड्याळात बाराला दहा कमी होते. आमच्याकडून शेवगावला जायचं तर दोन गाड्या बदलून संध्याकाळ होते. पण शेवगावहून नगरला दीडची एस.टी. असते, ती साडेतीनला पोचते. यशाक्काला ती गाडी मिळाली तर जागा तिची, नाहीतर नाही. आणि तिला कळवायचा रस्ता एकच होता. मामाच्या घराशेजारी पिठाची गिरणी आहे, गिरणीत फोन आहे आणि गिरणीवाला सहादेव हाक मारून देतो.

काका पळत सुटले आणि मी त्यांच्या मागे.

"वैनी, गिरणी लावा! शेवगावची गिरणी!"

लंकाकाकू चुलीपाशी थालीपिठाचं पीठ मळत होत्या. हात पुसत आल्या, रिसीव्हर उचलला आणि तर्जनी पुढे केली. बोट त्या चौकोनी बटणांवर हवेत थांबलं.

"नंबर सांगा, भावजी."

"मला कुटं म्हाईत? तुमीच लावता की दरसाल!"

"लिवला हुता न्हवं तुमी? भिंतीवर?"

लिहिला होता. मामाने नंबर दिला तेव्हा काकांनी तो दाराशेजारी पेन्सिलीने भिंतीवर लिहिला होता. आणि एप्रिलात, जयंतीच्या आधी, त्यांनीच घराला निळा रंग मारला होता. गवंड्याचं घर, म्हणून एक नाही, दोन हात. काकांनी कपाळावर हात मारला. "दोन हात मारले वो वैनी मी. दोन!"

मग मी चौकशीचा नंबर लावला. भिंतीवर पंचायतीने लावलेला एसटीडी कोडचा तक्ता होता, त्याच्या खाली तो लिहिलेला होता. बराच वेळ घंटी गेली. मग एक बाई बोलली, झोपेतून उठवल्यासारखी.

"कुणाच्या नावावर?"

"गिरणीच्या."

"गिरणीचं नाव?"

"गिरणीच. पिठाची."

"नाव सांगा, ताई. मालकाचं."

"सहादेव."

"आडनाव?"

काका म्हणाले, "आडनाव कोन इचारतंय गिरनीवाल्याला?" त्यात तो फोन जुन्या मालकाच्या नावावर. तो पुण्याला गेलेला आणि त्याचं नाव आम्हाला ठाऊक नव्हतं. बाईने फोन ठेवला.

बारा वाजून वीस मिनिटं झाली.

"काकू, तुमच्या बोटात आहे ना नंबर?" मी म्हटलं. "हवेतच फिरवा. मी बघते."

त्यांनी हवेत फिरवलं. बोट गोल गेलं, पण कुठून सुरू झालं आणि कुठे थांबलं, काहीच कळेना. काकांनी पाटीवर खडूने गोल काढला, त्यात दहा छोटे गोल. बोट खडूवरून घसरलं. "अडत न्हाई," काकू म्हणाल्या. "भोकात अडलं पायजे. तवा त्याला याद येतं."

मग मला माझी हुशारी आठवली. त्या डायलचा आवाज मी किती वेळा तोंडाने काढला होता, पोरं लोळायची! मी काढला. कर्र, टकटकटक. कर्र, टक. आणि मधेच गप्प झाले. नंबर गिरणीचा होता की मावशीचा की माझ्या मनाचा, देव जाणे. किती टक, ते मी कधी मोजलंच नव्हतं. नक्कल करायला मोजावं लागत नाही, ऐकणारा हसला की झालं. त्या दिवशी कुणी हसत नव्हतं.

भागिरथीकाकू येऊन उंबऱ्यात उभ्या होत्या. त्या घड्याळाकडे बघत होत्या. काका खाली बसले. "मी फोडलं असतं तर... शेन भरलं माज्या डोक्यात. दावीत बसलो लोकांना."

"उठा," लंकाकाकू म्हणाल्या. "आन् वृषाले, वाटी आन. पितळंची." मी आणली.

त्यांनी मळलेल्या पिठाचा गोळा घेतला आणि स्टीलच्या थाळीवर थापला, थपथप, थालीपिठासारखा. मग बोटाने कडेकडेने भोकं पाडत गेल्या. दहा. थाळी उपड्या वाटीवर ठेवली आणि फिरवून बघितली. फिरली! आमच्यापुढे पिठाचं डायल तयार.

त्यांनी डोळे मिटले, बोट पहिल्या भोकात घातलं, काढलं. "न्हाई. लई लांब लांब हायती. आन् हितं खाली जागा रिकामी असती." पीठ पुन्हा गोळा केलं, पुन्हा थापलं. या खेपेला भोकं जवळजवळ, आणि उजवीकडे खाली मोकळी जागा. "हितं लोखंडाचा दाता असतो, बोट अडायला. भागिरथी, ये हिकडं. उलतनं धर. हलवू नगं."

भागिरथीकाकूंनी उलतनं धरलं.

"भावजी, तुमी भोकं मोजा. दात्याजवळचं पयलं. वृषाले, तू दाब. आन् थाळी मागं जाताना आवाज कर."

"कसला आवाज?"

"डायलचा! शाळेत करती तो. आवाजाबिगर माजं बोट चालत न्हाई."

घड्याळात एकला वीस कमी होते. मी रिसीव्हर खांद्यात धरला आणि आधी तक्त्यावरून शेवगावचा कोड दाबला; काकूंनी फक्त गिरणीचे आकडे फिरवायचे. लंकाकाकूंनी डोळे मिटले. बोट फिरलं, थाळी फिरली, उलतन्याला अडली. मी थाळी मागे सोडत 'कर्रर्र' केलं.

"दोन," काका म्हणाले.

दोन दाबलं. बोट पुन्हा भोकात गेलं आणि थाळी जवळजवळ पूर्ण फिरली. "कर्रर्रर्रर्र."

"दहा."

एक, शून्य.

"सात... तीन..."

आणि शेवटचा आकडा यायच्या आधीच कानात घंटी वाजायला लागली. "लागला!" मी ओरडले. पलीकडून एक जाडा आवाज आला. "बोला! कापूस हाय का तूर?"

"सहादेवमामा?"

"कोन सहादेव? आडत हाय ही. मोंढा! कापूस असंल तर बोला."

मी फोन ठेवला. काकांनी लंकाकाकूंकडे बघितलं आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज चढला. "वैनी, तुमचं बोट चुकतंय! पोरीचं वरीस जानार माज्या!"

काकूंच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. त्यांनी पुन्हा डोळे मिटले आणि पुन्हा फिरवलं. दोन. दहा. सात. तीन. नऊ. तेच आकडे, तीच भोकं.

"बोट चुकत न्हाई," त्या हळू म्हणाल्या. "वृषाले, तू किती येळा दाबलंस?"

मी मोजलं. दोन, एक, शून्य, सात, तीन, नऊ. "पूर्ण दाबलं असतं तर सहा वेळा. पण पाचव्यालाच लागला."

"गिरनीला माजं पाचदाच फिरतं. तू एक जादा टोचलंस."

"काका दहा म्हणाले म्हणून मी एक आणि शून्य..."

"दहा म्हनू नगा, भावजी." त्यांनी शेवटच्या भोकात बोट घातलं. "भायेरगावाला लावायचं आसंल तर सगळ्यात पयलं हेच भोक फिरवायचं. गाव कंचंबी असू दे. हेच. आता त्या तक्त्यावर बघ. परतेक गावाम्होरं पयलं काय लिवलंय?"

मी तक्त्याकडे बघितलं. नगर, जामखेड, पाथर्डी, शेवगाव. सगळ्यांच्या आधी एकच आकडा.

"शून्य."

"मंग हे शून्य."

ज्यांना आकडे येत नाहीत त्या काकूंनी मला, गणितात ऐंशी मार्क पडलेलीला, शून्य कुठलं ते दाखवलं. तेव्हा हे सुचायला वेळ नव्हता. एक वाजला होता.

कोड दाबला. दोन, शून्य, सात, तीन, नऊ. घंटी वाजली. वाजतच राहिली. कुणी उचलेना. घंटी तुटली.

"जेवायला गेला आसंल," काका म्हणाले.

मी रीडायल दाबलं. दातवाल्या लाइनमनचं तेवढं ऐकलं होतं. घंटी. घंटी. घंटी. पुन्हा तुटली. पुन्हा रीडायल. एक वाजून सहा मिनिटं. सातव्या घंटीला कुणीतरी उचललं आणि कानात एकदम धडधड शिरली, पट्टा, जातं, सगळी गिरणीच.

"ह्यालो! कोन? ह्यालो! दळान उद्या मिळंल! उद्या!"

"सहादेवमामा, मी..."

"ज्वारी का बाजरी? मोठ्यानं!"

लंकाकाकूंनी माझ्या हातातून रिसीव्हर ओढला. "सहादेव! गिरनी बंद कर आधी!"

धडधड थांबली. इतकी शांतता झाली की काकांचा श्वास ऐकू आला.

"खर्डेवाल्या काकू का?" तिकडून आवाज नरमला. "बोला की."

"यशोधरा कुटंय? जालिंदरची. तिला दीडची नगर गाडी पायजे. सगळे कागद घिऊन. तिला जागा लागली, चारच्या आत सही करायचीय. चार म्हंजी चार."

"आवो, ती तर मामीसंगं धुनं घिऊन गेलीय. खाली."

भागिरथीकाकूंच्या हातातलं उलतनं खाली पडलं.

"मंग तू पळ की, मुडद्या! फोन धरून काय उभा ऱ्हायलास?"

"मी लुना काढतो. तुमी ठेवा."

खट्. संपलं. आता करण्यासारखं काहीच उरलं नव्हतं.

दीड वाजला. दोन वाजले. कुणी घरी जाईना. मी एकदा रीडायल दाबलं तर नुसती घंटी. काकूंनी हातावर चापट मारली. "लाइन मोकळी ठेव. तिला करायचा झाला तर?" काका ओसरीच्या पायरीवर बसून ते पत्र परत परत उघडत होते, जणू मधल्या वेळात चारचे पाच झाले असतील. एकदा म्हणाले, "वैनी, मगाशी चढून बोललो."

"माज्याशी न्हाई बोलला. बोटाशी बोलला. त्याला ऐकू येत न्हाई."

चार वाजले. घड्याळाचे टोले पडले तसे भागिरथीकाकू उठून आत गेल्या, भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. गहिनीनाथकाका जामखेडहून आले, ओसरीवर एवढी माणसं बघून चपलाही न काढता उभे राहिले. "कोन गेलं?"

"कोनी न्हाई. गप बसा."

साडेपाच होत आले होते. फोन वाजला. काळ्या फोनसारखा ट्रिंग ट्रिंग नाही, किडा चिरडल्यासारखा टिर्रिर्री. सगळे दचकले आणि कुणीच हलेना. लंकाकाकूंनी उचलला.

तिकडून नुसतं रडणं. मला पायरीपर्यंत ऐकू येत होतं.

"आधी नाव सांग," लंकाकाकू म्हणाल्या. त्यांचाही आवाज फाटला होता. "नाव सांग, मंग रड."

"काकू... मी... यशोधरा..."

"झाली सही?"

"झाली. चारला सात कमी होते. सहादेवमामांनी लुनावरून गाडी पुढच्या नाक्यावर आडवली. मी ओल्या लुगड्... ओल्या कपड्यांतच आले, काकू. बाई म्हणाल्या, एवढी भिजून कशाला आलीस, पाऊस कुठंय..."

"मंग रडतीस कशाला?"

"काय माहीत!"

काकांनी रिसीव्हर घेतला. गालाला लावला, कानाला नाही. कुणीच काही म्हटलं नाही. ते "जय भीम" म्हणाले, "हां" म्हणाले, परत "हां" म्हणाले आणि एका हाताने हवेत तिच्या डोक्यावरून हात फिरवत राहिले.

फोन ठेवायच्या आधी यशाक्काने वसतिगृहाचा नंबर सांगितला. काकांनी तो पत्राच्या पाठीवर लिहून घेतला, मला वाचायला लावला, आणि पेन्सिल घेऊन आपल्या घराकडे निघाले.

"भिंतीवर न्हाई!" लंकाकाकू ओरडल्या.

त्यांनी मला फोनपाशी बसवलं. "कुनाला लागू देऊ नगं, निस्तं दाब. सावकाश." मी एकेक बटण दाबलं. प्रत्येकाचा सूर वेगळा निघाला. काकू डोळे मिटून, रिसीव्हर कानाला लावून ऐकत होत्या. "परत." मी परत दाबलं. "परत." चौथ्या खेपेला मी हात जोडणार तोच त्यांनी माझा हात बाजूला केला आणि तोंडातल्या तोंडात तो नंबर गुणगुणला, पहिल्यापासून.

चौथा सूर चुकला. मी तो काढून दाखवला. त्यांनी पुन्हा सुरुवात केली.

आतून गहिनीनाथकाकांचा आवाज आला. त्यांना भूक लागली होती आणि थाळी त्यांना सापडली होती. "अगं, ह्या थालीपिठाला एका अंगालाच भोकं का?"

"खाऊ नगा ते!" काकू डोळे न उघडता म्हणाल्या. "आजून पाथर्डीची मावशी काढायचीय त्यातनं."

मग त्या रात्रीपर्यंत, पीठ वाळून तडकेपर्यंत, आम्ही काढत बसलो. त्या फिरवायच्या, काका मोजायचे, मी आवाज करायचे आणि वहीत लिहायचे. दहाव्या भोकाला काका दर खेपेला आधी "द" म्हणायचे, जीभ चावायचे आणि मग म्हणायचे, "शून्य."